व्यसन आणि मेंदू: वीस-पन्नास जणांवरच्या छोट्या अभ्यासांना पैसा द्यावा का?

रानवाटा:
दादाची दारू सुटून चौदा महिने झालेत. परवा बाजारातून येताना देशीच्या दुकानासमोरून जायची वेळ आली, तो बोलता बोलता एकदम गप्प झाला, पिशवीचे बंद इतके आवळले की बोटं पांढरी पडली. पुढे आल्यावर म्हणाला, अगं प्यायची नव्हतीच, पण तोंडाला पाणी सुटलं. तेव्हापासून मला वाटतंय की ही तलफ मेंदूत कुठे उठते हे शोधणाऱ्या छोट्या, सुरुवातीच्या अभ्यासांना आपल्याकडे पैसा मिळायलाच हवा. २००७ साली अमेरिकेत मेंदूला इजा झालेल्या ६९ सिगारेटवाल्यांचा अभ्यास झाला, त्यातल्या १९ जणांचा इन्सुला नावाचा भाग दुखावला होता आणि त्यांची सिगारेट बाकीच्यांपेक्षा कितीतरी सहज सुटली होती. फक्त १९ माणसं! पुढे डोक्याबाहेरून त्याच भागापर्यंत चुंबकीय झटके पोचवणारं उपकरण इस्रायलमध्ये आधी शंभरेक लोकांवर तपासलं, मग मोठी चाचणी झाली, आणि २०२० मध्ये अमेरिकेत सिगारेट सोडवण्यासाठी त्याला परवानगी मिळाली. आपल्याकडेही रांचीच्या केंद्रीय मनोरोग संस्थेत दारूच्या ४५ पेशंटवर चुंबकीय झटक्यांचा प्रयोग झालाय, २०१० ला छापून आला, ३० जणांना खरे झटके आणि १५ जणांना नुसता देखावा, आणि खऱ्या गटाची तलफ जास्त कमी झाली.

सांजवारा:
ताई, तुमच्या दादाला मनापासून शुभेच्छा. मी व्यसनमुक्तीत काउन्सेलर आहे म्हणून स्पष्ट बोलते, आधी आहे ते तरी लोकांपर्यंत पोचवा. २०१९ च्या सरकारी अहवालात आहे, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. उरलेले ३७ मेंदूच्या फोटोची वाट बघत बसलेले नाहीत हो, त्यांना तालुक्याला बोलायला माणूस हवाय! गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर चाचणी झाली, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसांनी समुपदेशन केलं, तीन महिन्यांनी ३६ टक्के सावरले, ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यात २६. कुठलंही मशीन लागलं नाही.

आकडेमोड:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. २०१३ मध्ये मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची छाननी झाली, तर खरा परिणाम असला तरी तो पकडायची ताकद (मध्यक) २१ टक्केच निघाली, म्हणजे पाच वेळांत साधारण एकदाच. वर छोट्या अभ्यासात जो परिणाम दिसतो तो बहुतेक वेळा फुगलेला असतो, आणि बातमी तेवढीच होते. अमेरिकेत सायलोसायबिन हे काही मशरूममधलं भास घडवणारं द्रव्य देऊन १५ पैकी १२ जणांची सिगारेट सहा महिन्यांनीही सुटलेली होती, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, हे कोण सांगतं? आमच्या नात्यातल्या एकाला एका क्लिनिकने असाच कुठला तरी छोटा पेपर दाखवून मशीनचे सेशन विकले, वहिनीने पाटल्या मोडल्या, दीड महिन्यात पुन्हा सुरू. नंतर क्लिनिकमधून एक फोन नाही.

रानवाटा:
पाटल्यांचं वाचून वाईट वाटलं, हे विकणं बंदच व्हायला हवं, त्यात दुमत नाही. पायलट, म्हणजे असा छोटा सुरुवातीचा अभ्यास, हा उपचार नव्हे, मोठा खर्च करावा की नाही हे ठरवायला केलेली चाचपणी, म्हणून त्यात पेशंटकडून एक रुपया घेऊ नये, कोणाला किती दिवस तपासणार ते आधीच नोंदवावं, आणि काही निघालं नाही तरी छापावं.
पण सांजवारा, गोव्याच्या त्या कामाआधीही छोटा पायलट झालाच होता ना! आणि त्या ३७७ मध्ये घातक प्रमाणात पिणारे घेतले होते, पूर्ण आहारी गेलेल्यांना वगळलं होतं. दादा पहाटे हात थरथरतात म्हणून प्यायचा, तो त्या चाचणीत बसलाच नसता. आज तो रोज दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनची ५० मिलीग्रॅमची गोळी घेतो, ती दारूसाठी वापरायची कल्पना आधी प्राण्यांवर तपासली, मग १९९२ मध्ये फिलाडेल्फियात ७० पुरुषांवर, त्याच वर्षी दुसऱ्या गटाचाही अभ्यास आला, आणि १९९४ ला परवानगी. ७० म्हणजे लहान आकडा म्हणून तेव्हा कोणी थांबवलं असतं तर?

आकडेमोड:
ठीक, पण त्या ७० जणांच्या अभ्यासात तुलनेचा गट होता, साखरेची गोळी होती. या अटीवर मी तुमच्या बाजूने. तुलनागट नसेल तर एक पैसा नको.

सांजवारा:
घातक पिणारे आणि आहारी गेलेले हा फरक मी लिहायला हवा होता, मान्य. तरी माझं मत बदललेलं नाही, पैसा व्यसनमुक्तीच्या तुटपुंज्या तरतुदीतून काढणार असाल तर विरोधच, दारूवरच्या करातून वेगळा काढा. आणि अभ्यासाचे दहा सेशन संपले की ती माणसं जातात कुठे? घसरली की आमच्याच दारात येतात, बायको रिपोर्टची फाइल छातीशी धरून बाहेर बाकावर बसलेली असते आणि त्या फाइलमध्ये पुढे काय करायचं याचा एक कागद नसतो. प्रत्येक पायलटच्या खर्चात एका काउन्सेलरचा वर्षभराचा पगार धरा, मग पहिली सही माझी.