तरंगता तोफखाना
तरंगता तोफखाना म्हणजे तराफ्यावर चढवलेल्या तोफा, असं म्हटलं जातं. दरवेळी तसं नसतं. अमेरिकन यादवीत मिसिसिपी नदीवरच्या दहा नंबरच्या बेटापाशी दक्षिणेने (फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांनी) आणलेला ‘न्यू ऑर्लिन्स’ मुळात जहाजदुरुस्तीची तरंगती गोदी होती! वर ९ तोफा. गोदीचे पंप तसेच ठेवलेले, त्यामुळे पाणी आत घेऊन ती खाली बसवता यायची. शत्रूला निशाणा तेवढाच लहान.

पण स्वतःचं इंजिन नाही, सगळी भिस्त दोरखंडांवर. एप्रिल १८६२च्या सुरुवातीला उत्तरेच्या माऱ्यात तेच तुटले आणि अख्खा तोफखाना प्रवाहाबरोबर खाली वाहून गेला. मग ४ तारखेच्या वादळी रात्री उत्तरेची ‘कॅरोंडेलेट’ ही तोफनौका कुशीला कोळशा-गवताने भरलेली मालनाव ढालीसारखी बांधून बेटासमोरून निसटलीच.