ग्रेनाडात शाकाहारी आईला काय खाऊ घालू?

भाचा तिथे, कॅरिबियनमधल्या त्या छोट्या बेटांच्या देशात, मेडिकलला आहे, म्हणून फेब्रुवारीत आईला घेऊन 8 दिवस जातेय. मी मासे खाते, आई अंडंही खात नाही. समुद्रकिनारे भाचा दाखवेल. खाण्याचं आणि तिथल्या माणसांचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद
दोन वर्षं राहिलोय, बिनधास्त जा. आईंना म्हणावं, अर्धं कोकणच आहे ते. तिथला राष्ट्रीय पदार्थ ‘ऑइल डाउन’. मोठ्या पातेल्यात नीरफणसाच्या फोडी, हिरवी केळी, गाजर, कणकेचे लांबट गोळे, वर अळूची पानं आणि हळद घातलेला नारळाचा रस. रस पार आटून तळाशी तेल सुटलं की झालं, नाव त्यावरूनच. (हळदीला तिथे ‘सॅफ्रन’ म्हणतात, केशर समजू नका.) पण त्यात खारवलेलं मांस असतंच, वेगळं काढून चालत नाही. त्यामुळे आईंसाठी रास्ताफारी (तिकडचा एक धार्मिक पंथ) लोकांचं ‘इटल’ जेवण शोधा. बिनमांसाचं, नारळाच्या रसातलं, मीठ जवळजवळ नाहीच. लोणचं सोबत ठेवा. अळूच्या सूपला ‘कॅललू’ म्हणतात, त्यात खेकडा किंवा मांस आहे का ते आधी विचारा.

तुम्ही स्वतः शुक्रवारी संध्याकाळी गुयावला जा. रस्त्यावरच मासे भाजतात. त्याच गावात जायफळाचं जुनं केंद्र आहे, ते दिवसा बघा. लाकडी इमारत, बायका बसून जायफळं निवडतायत, आणि वास असा की कपड्यांना घरापर्यंत येतो. यांच्या झेंड्यावरही जायफळ आहे. 2004च्या आयव्हन वादळात बहुतेक झाडं आडवी झाली. नवं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर कित्येकजण कोकोकडे वळले. बागायतदाराशी बोलताना हे लक्षात असू द्या.

दुसरा प्रतिसाद
रोटी राहिली! 1857 साली ‘मेडस्टोन’ जहाजातून पहिले भारतीय मजूर इथे उतरले, तेव्हापासूनची ती खूण. बटाटा-छोल्याची भाजी भरलेली मागा. सकाळी ‘कोको टी’ घ्या: कोकोची वडी किसून दालचिनी, जायफळ घालून उकळलेला. आणि दुकानात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, मग भाव विचारा. तसं नाही केलं तर उद्धट समजतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. 7 फेब्रुवारी त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी असाल तर लाल-हिरवं-पिवळं नेसा.

धागाकर्ती
खूप आभार. आईला वाचून दाखवलं. तिच्या माहेरी, रत्नागिरीला, दारात नीरफणस होता. ती विचारतेय, कापं करतात का तिथे?

पहिलाच प्रतिसादक
तळतातही, पण खरी चव भाजलेल्याची. अख्खा निखाऱ्यावर ठेवतात, साल कोळशासारखी काळी होईपर्यंत. मग सोलून, गरम असतानाच लोणी लावून. आईंना हेच द्या.