चर्चा: पाण्याच्या योजनांसाठी महापालिकांनी कर्जरोखे काढावेत का?

मुठाकाठ

पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरलेल्या व्याजाने आणि मुदतीने पैसे उसने घेतले. व्याज ७.५९ टक्के, मुदत १० वर्षं, नोंदणी मुंबई शेअर बाजारात. एकूण २,२६४ कोटी टप्प्याटप्प्याने उभारायचे ठरलं होतं, पण त्या योजनेसाठी पुढचे टप्पे निघालेच नाहीत. पहिल्या टप्प्याची मुदत जून २०२७ मध्ये संपते, म्हणून हा विषय काढतोय.

माझ्या मते शहरांनी रोखे काढावेत, बिचकत बिचकत नव्हे, गरजेइतके काढावेत. जलवाहिनी एकदा टाकली की दोन पिढ्या वापरतात. तिचा खर्च दरवर्षीच्या बजेटमधून तुकड्यातुकड्याने केला की काय होतं ते आपण बघतो. टाकी उभी राहते पण लाइन नसते, लाइन पडते तर पंप नसतो. शिवाय रोखे विकायचे तर पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा, लागतं, हिशेब वेळेवर मांडावे लागतात. अनुदानासाठी मंत्रालयात खेटे घालणाऱ्या पालिकेला हे कुणी विचारत नाही.

हिशेबी

तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. जूनमध्ये रोखे निघाले आणि ऑगस्टमध्ये त्याच कामाच्या निविदा रद्द झाल्या, दर फार चढे आले म्हणून. मग पैसे कुठे गेले? बँकेत, मुदत ठेवीत. २०० कोटींवर ७.५९ टक्क्यांनी वर्षाला १५ कोटी १८ लाख व्याज द्यायचं आणि ठेवीवर त्याहून कमी मिळवायचं, हा कुठला व्यवहार? रोख्यांचे पैसे एकरकमी अंगावर येतात. बँकेचं कर्ज मंजूर करून ठेवलं तर काम पुढे सरकेल तसं उचलता येतं, व्याजही उचललेल्या रकमेवरच.

मुठाकाठ

ठेवीचा मुद्दा मान्य, तो कारभाराचा दोष होता. पण केंद्राने रोखे काढल्याबद्दल २६ कोटी प्रोत्साहन दिलं, तेही धरा. दहा वर्षांत विभागलं तरी वर्षाला १.३ टक्के होतात. म्हणजे व्याज सव्वासहा टक्क्यांच्या आसपास आलं. आणि बँकेच्या कर्जाचा दर बहुधा बदलता असतो. दहा वर्षं एकच दर कोण देतं?

हिशेबी

ते २६ कोटीही करदात्याच्याच खिशातले.

खजिनदारबाई

पैशांवर भांडताय ते ठीक, पण मीटरशिवाय यातलं काहीच फिटणार नाही. शहरात पाण्याची गळती ४० टक्क्यांच्या घरात असल्याचं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ती जमिनीखाली मुरते, चोरीला जाते की सोसायट्यांच्या टाक्यांवरून वाहते, हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

आमच्या सोसायटीत मुख्य जोडावर मीटर बसल्यावर मी रात्री बाराला आणि पहाटे चारला आकडे लिहून ठेवायला सांगितले. सगळे झोपलेले, एकही नळ उघडा नाही, तरी आकडा पुढे. वॉचमन आणि प्लंबरने खालच्या टाकीचं झाकण उघडलं, तर टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या फ्लोटचा दांडा वाकलेला. पाणी वरच्या पाइपातून थेट गटारात जात होतं, आवाजसुद्धा नाही. दांडा बदलला आणि आकडा थांबला. हेच पूर्ण झोनला, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या एका विभागाला, लागू करा. झोनच्या तोंडाशी एक मोठा मीटर, प्रत्येक जोडावर एक छोटा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे गळती. आता रस्त्यावरूनच हातातल्या यंत्रावर रीडिंग घेता येतं, दारोदार फिरावं लागत नाही.

धायरीफाटा

मीटर बसवायला आधी नळ हवा. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. तिथे मिळकतकर सुरू झाला, पण कितीतरी भाग आजही टँकरवर आहे. रोख्यांसाठी कराचं उत्पन्न आधी राखीव खात्यात जातं आणि तिथून गुंतवणूकदाराचं व्याज सुटतं. म्हणजे टँकर विकत घेणाऱ्या माणसाच्या करातला पहिला घास रोखेधारकाचा. हे मला पटत नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

कृष्णाकोयना

कराडशेजारच्या मलकापूरचं उदाहरण इथे हवंच. तिथे २४ तास पाणी, सगळं मीटरवर आणि वापर वाढेल तसा चढता दर. दिवसभर नळाला दाब असला की लोक पिंप भरून ठेवत नाहीत, उरलेलं शिळं म्हणून ओतून देत नाहीत. आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते, भरलेल्या पाइपात नाही. हे सगळं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या पाणीयोजना करणाऱ्या संस्थेच्या मदतीने झालं, शेअर बाजारात न जाता. म्हणून मी मीटरवाल्यांच्या बाजूचा आहे, रोखेवाल्यांच्या नाही.

मुठाकाठ

मलकापूरचं कौतुक आहेच, पण ते छोटं शहर. तेवढ्या अनुदानात पुण्याचं एक उपनगरही होणार नाही. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढून दाखवले. तेव्हा जमलं, आता का नाही?

हिशेबी

कारण तेव्हा अहमदाबादकडे तारण ठेवायला जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती. आपल्याकडे जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याकडे बघावं लागतं. उरला मिळकतकर, तर त्यात निवडणुका आल्या की सवलती. मुंबईत २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफच झाला. पालिकेचं उत्पन्न दुसऱ्याच्या सहीने कमी होत असेल तर दहा वर्षांचं कर्ज कुणाच्या भरवशावर काढायचं?

मुठाकाठ

राखीव खातं त्याचसाठी असतं ना! रोखेधारकांना शब्द दिलेला असला की माफीची घोषणा करणाऱ्यालाही दहादा विचार करावा लागतो.

खजिनदारबाई

मग पाणीपट्टीही त्याच खात्यात टाका आणि ती मीटरवर आकारा. गरिबाला लागणारं पहिलं पाणी अगदी स्वस्त, पोहण्याच्या तलावाचं महाग. आज एकटी राहणारी म्हातारी आणि सहा जणांचं कुटुंब यांच्या पट्टीचा वापराशी काही संबंध नाही.

हिशेबी

माझ्या अटी सांगतो. कामाचा आदेश निघाल्याशिवाय रोखे नकोत. प्रत्येक झोनमध्ये किती पाणी सोडलं आणि मीटरवर किती मोजलं, ते दर महिन्याला जाहीर व्हावं. एवढं झालं तर पुढच्या टप्प्याला माझा विरोध नाही.

धायरीफाटा

माझा राहील. त्या पैशातली पहिली लाइन समाविष्ट गावांत पडेल, असं ठरावात लिहून येईपर्यंत.