रात्रीचे पाणी बंद करू नये

वय झाल्यावर कुत्र्यांना लघवी आवरत नाही, म्हणून रात्रीचे पाणी बंद करावे, असा सल्ला काही जण देतात, पण तो मला घातक वाटतो. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असल्यास पाणी तोडल्याने जनावराची प्रकृती झपाट्याने ढासळते. आमच्या ११ वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीचे अंथरूण रोज सकाळी ओले असे, पण जागेपणी ती नीट बाहेर जाऊन लघवी करी, आणि पशुवैद्यांनी नेमका हाच फरक महत्त्वाचा मानला, कारण नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल पडून झोपेत अशी गळती होते. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग नसल्याची खात्री झाल्यावर त्यांनी एस्ट्रिऑल या संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत अंथरूण कोरडे राहू लागले. तिला त्याआधी आम्ही रागावलो, याचे आजही वाईट वाटते.