शब्दचर्चा : टाळेबंदी ‘लागते’, ‘लावतात’ की ‘लादतात’?

विचारणा (लातूर)

आमच्या तालुक्यातील करोना महासाथीच्या काळाची नोंद ग्रामपंचायतींच्या दप्तरावरून आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून लिहून काढण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. कात्रणांत ‘लॉकडाऊन लागू’, ‘लॉकडाऊन लादला’, ‘टाळेबंदी जाहीर’, ‘संचारबंदी लागली’, ‘कडकडीत बंद’ असे प्रयोग सरमिसळ आढळतात. ते समानार्थी समजून कोणताही एक सर्वत्र वापरावा, असे सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. विशेषतः आठ-दहा दिवसांच्या टाळेबंदीवरून राजकीय पक्षांत जे मतभेद झाले, ते लिहिताना कोणते नाम आणि कोणते क्रियापद तटस्थ ठरेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

आपली शंका रास्त आहे. या वादात नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत, म्हणून आधी त्यांचा विचार करू.

‘लागणे’ या क्रियापदाला करणाऱ्याची गरज पडत नाही. ग्रहण लागते, सुतक लागते, निवडणुकीची आचारसंहिता लागते. त्याच चालीवर ‘लॉकडाऊन लागला’ म्हटले की तो कोणी लावला, हा प्रश्न वाक्यात उरतच नाही. गावाकडच्या बोलण्यात हा प्रयोग सर्रास आढळतो आणि तो स्वाभाविकही आहे, कारण गावापर्यंत आदेश पोहोचतो तेव्हा आदेश काढणारा कोणाला दिसत नसतो. प्रशासन ‘लागू करणे’ म्हणते. तेथे कर्ता असतो, पण ‘लागू करण्यात येत आहे’ या कर्मणी रचनेच्या आड उभा असतो. विरोध करणारे ‘लादणे’ म्हणतात. बैलाच्या पाठीवर गोणी लादतात, आणि त्या वेळी बैलाला कोणी विचारत नाही, एवढा अर्थ त्या क्रियापदात आधीपासून भरलेला आहे. म्हणून एखाद्या निवेदनात ‘लादणे’ आले की पुढचे वाक्य न वाचताही ते कोणत्या बाजूचे आहे, हे ओळखता येते.

राहिले ‘पाळणे’. बंद पाळतात, दुखवटा पाळतात. पाळणारा तो स्वतःहून पाळतो, निदान तसे दाखवतो. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूला हे क्रियापद शोभत होते. पुढे जुलै २०२० मध्ये १० ते १८ या तारखांना आमच्या शहरातील व्यवहार बंद ठेवले गेले, तेव्हाही ‘जनता कर्फ्यू’ हेच नाव वापरले गेले. रस्त्यावर दिसणाऱ्याला पोलिस हटकत असताना त्यात जनतेचे काय होते, हे मला आजही उमगलेले नाही. परंतु सक्तीला स्वेच्छेचे नाव दिले की राजकीय विरोधाची धार बोथट होते, हे मात्र खरे.

मार्च २०२१ मध्ये ही सोय उरली नव्हती. ११ मार्चपासून येथे ‘अंशतः लॉकडाऊन’ होता आणि शनिवार-रविवारी पूर्ण बंद होता. महिनाअखेरीस जिल्हा प्रशासनाने सुमारे दहा दिवसांचा पूर्ण लॉकडाऊन जाहीर केला. तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढण्याची घोषणा केली आणि अंमल सुरू होण्याच्या तोंडावर आदेश मागे घेण्यात आला. त्यानंतर त्यांच्या समर्थकांनी जो जल्लोष केला, त्यातील गर्दीवरून पुन्हा वाद पेटला. आपल्या नोंदीत ही घटना ‘लॉकडाऊन टळला’, ‘मागे घेतला’ किंवा ‘मागे घ्यायला लावला’ अशा तऱ्हांनी लिहिता येईल. पहिल्या वाक्यात कोणीच काही केलेले नाही, दुसऱ्यात प्रशासनाने विवेक दाखवला आहे आणि तिसऱ्यात सारे श्रेय मोर्च्याच्या घोषणेला गेले आहे. मी दुसरे वाक्य घेईन, आणि मोर्च्याची घोषणा त्याच्या आधी तारखेसह स्वतंत्र वाक्यात देईन. त्याच सुमारास नांदेड आणि बीड या जिल्ह्यांत ४ एप्रिलपर्यंतचे लॉकडाऊन होते, हेही शेजारी नोंदवावे, म्हणजे विभागातील निर्णय एकसारखे नव्हते हे वाचकाच्या लक्षात येईल.

राज्य पातळीवर एप्रिलमध्ये नामच बदलले. सत्तेतील राष्ट्रवादी काँग्रेसचे मंत्री नवाब मलिक यांनी मार्चअखेरीस लॉकडाऊनला उघड विरोध केला होता. १० एप्रिलच्या सर्वपक्षीय बैठकीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे कठोर उपायांच्या बाजूने होते, तर विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी लोकांच्या, विशेषतः लहान व्यावसायिकांच्या, रोषाचा विचार करण्यास सांगितले. १३ एप्रिलला घोषणा झाली ती ‘ब्रेक द चेन’ या नावाखालील कडक निर्बंधांची. सोबत ५,४७६ कोटी रुपयांच्या मदतीचीही होती. राज्यभर कलम १४४ लागले आणि अत्यावश्यक सेवा वगळता बहुतेक व्यवहार बंद झाले. आपण या टप्प्याला सरकारी नाव द्यावे आणि प्रत्यक्षात काय बंद होते, ते पुढे लिहावे. केवळ ‘निर्बंध’ लिहिले तर आणखी वीस वर्षांनी वाचणाऱ्याला त्याची तीव्रता कळणार नाही.

‘अल्पकालीन’ हे विशेषण मात्र जपून वापरावे. २५ मार्च २०२० पासूनचे २१ दिवस ३ मे, १७ मे आणि ३१ मे असे वाढत गेले. २०२१ चे राज्यातील निर्बंध १ मे, १५ मे आणि १ जून असे सरकत राहिले. मुदत जाहीर करणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक टप्पा अल्पच होता. तुलनेसाठी वेल्स पाहावे. तेथील सरकारने २३ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२० अशी १७ दिवसांची ‘फायरब्रेक’ टाळेबंदी केली आणि ती ठरल्या दिवशी उठवली. वणवा पसरू नये म्हणून जंगलात मोकळी ठेवलेली जी पट्टी, जिला आपल्या वनखात्यात जाळरेषा म्हणतात, तिच्यावरून आलेला हा शब्द आहे. इंग्लंडमध्ये वैज्ञानिक सल्लागारांनी सप्टेंबरमध्येच अशा छोट्या बंदचा पर्याय सुचवला होता, विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी १३ ऑक्टोबरला त्याची मागणी केली, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ती तेव्हा मान्य केली नाही, आणि ५ नोव्हेंबरपासून चार आठवड्यांची टाळेबंदी करावी लागली. तेव्हा ‘अल्पकालीन’ऐवजी ‘अमुक तारखेपर्यंत जाहीर झालेली’ असे लिहिणे अधिक सुरक्षित.

पुरवणी (वाळूज)

नामाबद्दल थोडे. औद्योगिक वसाहतीत ‘टाळेबंदी’ हा शब्द महासाथीच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तो संपाच्या जोडीने येतो : कामगार करतात तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याची व्याख्याच होती. त्यामुळे ‘२०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद होता’ असे वाक्य आमच्याकडे दोन अर्थांनी वाचले जाते. कारखान्यांच्या संदर्भात तरी ‘लॉकडाऊन’च लिहावे. घाईत ‘ताळेबंदी’ होऊ नये, याचीही काळजी घ्यावी. ताळेबंद हिशेबाचा असतो.

‘लादणे’ विषयी मात्र वरील मत मला पूर्ण मान्य नाही. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील जे मजूर रुळांवरून गावाकडे पायी निघाले होते, त्यांपैकी १६ जण ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली गेले. या माणसांच्या संदर्भात ‘लादणे’ लिहिणारा कोणत्याही पक्षाचा ठरत नाही.

विचारणा (लातूर)

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. २०२१ च्या जिल्हावार आदेशांसाठी ‘जाहीर केला’ आणि ‘मागे घेतला’ हे प्रयोग ठेवतो. करमाडची नोंद स्वतंत्र करून तेथे ‘लादणे’ वापरण्याविषयी सहकाऱ्यांशी बोलतो. एक शंका उरतेच : कात्रणांत ‘लॉकडाऊन लागला’ असे पुल्लिंग दिसते, तर मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांत बहुतेकांनी ‘लॉकडाऊन लागलं’ असे म्हटले आहे. मुलाखतींतील लिंग आहे तसेच ठेवावे की बाकी मजकुराशी जुळवून घ्यावे?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

मुलाखतीत आहे तसेच ठेवावे.