मदत हवी आहे: धाकटीचा एमआरआय करावा का?
नमस्कार, माझा मोठा मुलगा साडेचार वर्षांचा, मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. त्याला मधे एकदा फिट आली म्हणून एमआरआय काढलेला, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ऑटिझम एमआरआयवरून ठरवत नाहीत, मुलाचं वागणं बघूनच ठरवतात, ते पटलं. पण आता धाकटी सात महिन्यांची आहे, हाक मारली की कधी वळते कधी पंख्याकडेच बघत राहते आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

२०१७ मधे नेचर या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतला अभ्यास आलेला, मोठ्या भावंडाला ऑटिझम असलेल्या बाळांचे सहा, बारा, चोवीस महिन्यांना स्कॅन केले तर पुढे ज्यांना ऑटिझम निघाला त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग पहिल्या वर्षातच जास्त वेगाने वाढत होता, आणि दुसऱ्या वर्षात मेंदूचं आकारमान. पण हे सगळं कॉम्प्युटरवर मोजलेलं, साध्या फिल्मवर डोळ्यांना कसं दिसणार?

शिवाय ती बाळं नैसर्गिक झोपेत होती. माझ्या लेकाला भूल दिलेली, उठल्यावर सलाईनची पट्टी लावलेला हात पोटाशी धरून तासभर रडला, ते परत नको वाटतं.

कुणी धाकट्या बाळाला असं दाखवलंय का? स्कॅनऐवजी आत्ताच डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनकडे (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) नेऊ का, आणि ते डॉक्टर इतक्या लहान बाळात नेमकं काय बघतात? प्लीज सांगा.