पॅच मारला म्हणून पाप धुतलं का? (सायबरपंक २०७७, स्पॉयलर आहेत)

खडूस_खेळिया

निऑनवाला यांनी काल लिहिलंय की २.० पॅच (खेळाची मोठी फुकट दुरुस्ती) आणि फँटम लिबर्टी (वेगळे पैसे देऊन घ्यायचा जोडभाग) आल्यापासून सायबरपंक २०७७ हा व्हिडिओ गेम गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात भारी आरपीजी (पात्राची भूमिका करत खेळायचा खेळ) झालाय आणि २०२० चं रडगाणं गाणाऱ्यांनी आता गप्प बसावं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

आधी माफीचं बघू. एप्रिल २०२० ला येणार होता, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर, गोल्ड झाला (म्हणजे बनवून तयार) म्हणून जाहीर करून परत पुढे ढकलला आणि १० डिसेंबरला एकदाचा आला. रिव्ह्यूवाल्यांना आधी फक्त पीसीची कॉपी दिली, तीपण स्वतःचं फुटेज दाखवायचं नाही या अटीवर. जुन्या कन्सोलवर काय हाल आहेत ते लोकांना पैसे मोजल्यावर कळलं. आठवडा होतोय न होतोय तोच सोनीने स्टोअरमधून काढून टाकला, परत आला तो जून २०२१ मधे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. याच्या पुढचं कोणी बोलत नाही. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनला शेवटचा मोठा पॅच १.६. त्यांना २.० नाही, फँटम लिबर्टीपण नाही. म्हणजे ज्यांनी २०१२ पासून वाट बघितली, त्या ८० लाख प्रीऑर्डरवाल्यांमधे जे जुन्या कन्सोलवर होते, ज्यांची खरी फसवणूक झाली, त्यांच्यापर्यंत हे 'पुनरागमन' पोचलंच नाही. ज्यांच्याकडे नवीन मशीन होतं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं की झालं गेलं विसरून जाऊ. वा.

आणि बग सोडा. बग पॅचने जातात हो. व्ही हे आपलं पात्र, त्याचा भूतकाळ तिघांतून निवडायचा: कॉर्पो (कंपनीतला), नोमॅड (भटका) की स्ट्रीट किड (गल्लीतलं पोर). मी कॉर्पो घेतला होता. अरासाका या बलाढ्य कंपनीच्या टॉयलेटात व्ही बेसिनवर वाकून ओकतोय, मग जेंकिन्स नावाचा बॉस एक घाणेरडं काम गळ्यात मारतो, वाटलं आता मजा, ऑफिसातलं राजकारण, कोण कोणाचा गेम करतोय. अर्ध्या तासात नोकरी गेली, जॅकी या दोस्ताबरोबर सहा महिन्यांचं मोंटाज, आणि मग कॉर्पो असो नोमॅड असो स्ट्रीट किड असो, सगळे एकाच सँड्रा डॉर्सेटला बर्फाच्या टबातून उचलायला हजर. पुढे कॉर्पो असल्याचा पुरावा काय, तर अधूनमधून एखादा खास डायलॉग, जो म्हणलात काय न म्हणलात काय, समोरचा तेच करतो. हे कुठल्या पॅचमधे दुरुस्त झालं सांगा.

निऑनवाला

'गप्प बसावं' एवढंच पकडलंत, बाकीचा लेख वाचलात का हो? मी लाँच वाईट होतं हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. लाँचला पोलीस पाठीमागे हवेतून उगवायचे, गाडीतून पाठलाग हा प्रकारच नव्हता. कपड्यांवर आर्मर (बचावाचे गुण) होतं म्हणून व्ही बिचारा गुलाबी हॉट पँट, वर बुलेटप्रूफ जाकीट आणि डोक्याला वेल्डरचा गॉगल असा जोकर बनून जॅकीच्या आईसमोर उभा राहायचा. हे सगळं गेलं. २.० मधे आर्मर सायबरवेअरमधे (शरीरात बसवलेल्या यंत्रांत) नेलं, पर्कची (कौशल्यांची) झाडं मुळापासून नवीन लावली, पोलीस गाड्या घेऊन मागे लागतात. फुकट. तीन वर्षं बसून एक स्टुडिओ फुकटात पाया खणून परत घर बांधतो हे दुसरं कुठे बघितलंत?

निवडींचं म्हणाल तर पिकअप क्वेस्ट (मोहीम) आठवा. मेलस्ट्रॉम टोळीकडून रोबो आणायचाय. मिलिटेक कंपनीच्या मेरेडिथकडून पैशांची चिप घेऊन थेट टोळीच्या रॉइसला द्या, व्हायरस काढून द्या, मेरेडिथला भेटूच नका आणि खिशातले पैसे द्या, नाहीतर बोलणी चालू असताना रॉइसच्या डोक्यात गोळी घाला. जाताजाता खोलीत कोंडलेल्या टोळीच्या जुन्या म्होरक्याला, ब्रिकला सोडवलंत तर कित्येक तासांनी टोटेनटान्झ क्लबमधे नॅन्सीला आणायला जाता तेव्हा तो तुम्हाला ओळखतो. हे 'समोरचा तेच करतो' मधे बसतं का?

खडूस_खेळिया

बसत नाही. पण तो क्वेस्ट पहिल्या काही तासांत येतो आणि पुढे तसला दुसरा शोधत शोधत म्हातारा झालो. शोकेसमधे एक साडी लावून आत रिकामी कपाटं ठेवावीत तसं झालं.

सावळागोंधळ

माझं दुखणं वेगळं आहे. कंपन्या माणसाला कशा पिळतात यावर साठ तासांचा खेळ करायचा आणि तो करताना स्वतःच्याच लोकांना पिळायचं. २०१९ मधे खेळ बनवणारे हेच लोक म्हणाले होते सक्तीचा क्रंच (जादा तास राबवणं) करणार नाही, सप्टेंबर २०२० मधे सहा दिवसांचा आठवडा जाहीर. मी स्वतः सॉफ्टवेअरमधे आहे, रिलीजच्या आधी शनिवारी बोलवतात तेव्हा मॅनेजर तोंड पाडून 'सक्ती नाहीये हं' म्हणतो ते मला चांगलं माहितीये. म्हणून त्या खेळात अरासाकाच्या नावाने कोणी भाषण ठोकलं की मला हसू येतं.

निऑनवाला

म्हणजे क्रंच झाला म्हणून कथा खोटी? मग कुठलाच मोठा खेळ खेळता येणार नाही.

सावळागोंधळ

मी कुठे म्हणलं खेळू नका? हसू येतं म्हणलं. हसायला बंदी आहे का आता?

तळटीप

एक शंका. माझ्याकडे साधी हार्ड डिस्क आहे, त्यावर चालेल का?

तिसरी_कळ

तुम्ही पोलीस आणि पॅच करत बसा, माझ्या मते घोळ कथेच्या मुळातच आहे आणि तो २.० काय ५.० नेपण जाणार नाही. व्ही मरायला टेकलाय. डोक्यातली चिप रोज थोडं थोडं त्याला पुसून तिथे जॉनी सिल्व्हरहँड या मेलेल्या रॉकस्टारला लिहितीये, खोकला आला की रक्त पडतंय, आणि त्याच वेळी फोन वाजतो, फिक्सर (कामं देणारा दलाल) विचारतो वापरलेली गाडी आहे, घेणार का. (गाड्यांचे मेसेज २.० ला बंद केले, माहितीये, उगाच सांगायला येऊ नका.) मग हा मरणारा माणूस शहरभर बॉक्सिंगच्या मॅची खेळत फिरतो, कोणाची हरवलेली टॅक्सी शोधतो, आणि तिकडे भेटायला बोलावलेली अरासाका घराण्यातली हानाको एम्बर्स क्लबमधे टेबलापाशी बसलीये ती बसलीचे, महिनाभर बसवा नाहीतर वर्षभर. घाईचं नाटक करायचं आणि घाई करायची नाही. आरपीजीमधे मी जी भूमिका करतेय तिच्याशी खेळच प्रामाणिक नाही तर मी काय करू?

रिकामटेकडा

मग मेन स्टोरी खेळा ना सलग, कोणी अडवलंय.

तिसरी_कळ

अडवलंय खेळानेच. साइड क्वेस्ट सोडले तर पनाम नाही, पनाम नाही तर तिच्या भटक्या आल्डेकाल्डोंबरोबर शहर सोडून जायचा शेवट नाही. म्हणजे चांगला शेवट हवा तर मरता मरता उनाडक्या केल्याच पाहिजेत.

निद्रानाश

मी सहसा वाचतो फक्त, पण यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझ्या मामाला डॉक्टरांनी थोडे महिने सांगितले होते. आम्हाला सगळ्यांना वाटलं आता तो काहीतरी मोठं करेल, राहिलेलं बोलेल, कोणाकोणाला भेटेल. त्याने काय केलं तर माळ्यावरचा बंद पडलेला रेडिओ खाली काढला आणि दुरुस्त करत बसला. भाचेकंपनीशी पत्त्यांत भांडायचा, चीटिंग करायचा. शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाद होता तो जोरात चालू ठेवला. मामी चिडायची की तुम्हाला काही आहे की नाही. मी तेव्हा रात्री जागून हाच खेळ खेळत होतो आणि व्ही असाच कोणाच्यातरी फालतू कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला चाललाय हे मला एकदाही खोटं वाटलं नाही. मरणारा माणूस सारखा मरत नसतो हो. बाकीच्या वेळात तो नेहमीचाच असतो.

तिसरी_कळ

वाईट वाटलं वाचून. पण हे तुम्ही आणलंत, खेळाने नाही. तुमचा मामा रेडिओ दुरुस्त करताना कुठल्या टोळीचे तीस लोक कापून येत नव्हता.

निद्रानाश

कापले असते, जमलं असतं तर. शेजाऱ्यापासून सुरुवात.

खडूस_खेळिया

😄 पण तिसरी_कळ यांचा मुद्दा बरोबर आहे. आणि याचाच पुढचा भाग म्हणजे शेवट. काहीही करा, अरासाका टॉवरवर एकट्याने जा, पनामचा रणगाडा घेऊन जा, हानाकोशी हातमिळवणी करा, व्हीला सहा महिने. आणि शरीर जॉनीला दिलंत तर तेवढेपण नाहीत. मग मी निवडलं काय?

निऑनवाला

कसं मरायचं ते निवडलंत. डिस्टोपिया आहे साहेब, बालनाट्य नाही. शेवटी सगळे टाळ्या वाजवतात असं हवं असेल तर तसले खेळ ढिगाने आहेत.

तिसरी_कळ

झालं, आलं मूळपदावर. पटलं नाही की समोरच्याला बालबुद्धी ठरवायचं. मी हार्डवर दोनदा संपवलाय हा खेळ, तुमच्यासारखी व्हिडिओ बघून मतं बनवत नाही.

निऑनवाला

मी व्हिडिओ बघून? माझे तास बघा आणि मग बोला. आणि हार्डवर संपवला म्हणून कथा जास्त कळते हे नवीनच ऐकलं.

रिकामटेकडा

तासांचे स्क्रीनशॉट टाका दोघांनी, सोक्षमोक्ष लागेल. मी बसलोय.

निद्रानाश

सहा महिनेच असं म्हणणाऱ्यांनी फँटम लिबर्टी पूर्ण केलंय का? त्यात एक शेवट आहे ज्यात व्ही जगतो. साँगबर्ड या हॅकरला सरकारच्या हवाली केलं की सरकारी एजंट रीड शब्द पाळतो, ऑपरेशन होतं, व्ही दोन वर्षांनी कोमातून उठतो. जॉनी गेलेला. लढाईचं सायबरवेअर आता शरीर घेत नाही. ज्याने मोठं नाव कमवायचं स्वप्न बघितलं त्याला रस्त्यावरचे फुटकळ गुंड बदडतात. मैत्रीण जूडीचं लग्न झालंय, पनाम बोलायला तयार नाही, डॉक्टर विकने क्लिनिक कंपनीशी बांधून टाकलंय. जगायचं होतं ना, घ्या, जगा. तुम्ही विचारत होतात ना निवडलं काय म्हणून? मला तरी या शेवटानंतर बाकीच्या सगळ्या शेवटांना वजन आल्यासारखं वाटलं, कारण आता मरणं ही खरंच निवड झाली.

खडूस_खेळिया

म्हणजे मूळ खेळातल्या शेवटांना वजन यायला तीन वर्षांनी वेगळे पैसे देऊन आलेला भाग लागला. आणि तो भाग पीएस४ वर येतच नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे.

जुनं_डबडं

इथे पीएस४ वाल्यांच्या नावाने एवढं चाललंय म्हणून एक खराखुरा पीएस४ वाला बोलतोय. मी त्याच मशीनवर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत खेळलो. फॅन विमानासारखा ओरडायचा, लांबच्या गाड्या कागदी दिसायच्या. आणि तरी जॅकी डेलामेनच्या टॅक्सीत मेला तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून उठून गेलो. माझी वकिली कोणी करू नका. डीएलसी (जोडभाग) मिळालं नाही याचा राग आहे, तो आहेच, मरेपर्यंत राहील. पण 'फसवला गेलेला बिचारा' म्हणून मला दर वादात पुढे ढकलू नका.

खडूस_खेळिया

बरं. तुमच्या नावाने नाही बोलत. माझ्या नावाने बोलतो: माझ्याकडे बरा पीसी होता आणि मलाही खेळ पोकळच लागला. खास करून ताकेमुरा, व्हीच्या बाजूने आलेला अरासाकाचा जुना अंगरक्षक. एवढा रंगवलेला माणूस, स्ट्रीट फूडवर नाक मुरडणारा, फोनवरून विचित्र फोटो पाठवणारा, आणि सर्च अँड डिस्ट्रॉय मोहिमेत पायाखालची जमीन कोसळते, व्ही खाली पडतो आणि तो गेला. वाचवायची संधीच नाही. हीच यांची निवड.

निद्रानाश

ताकेमुरा वाचतो की.

खडूस_खेळिया

कसा? जॉनी म्हणतो निघ, खेळ म्हणतो बाहेर पड.

निद्रानाश

दोघांचं ऐकायचं नाही. मागे फिरून परत वर जायचं, मधले लोक मारायचे, तो वर अजून लढत असतो. बाहेर आणलात की शेवटपर्यंत राहतो, हानाकोची वाट धरलीत तर पुढे परत भेटतोपण.

निऑनवाला

😂😂 'समोरचा तेच करतो' म्हणे.

खडूस_खेळिया

हसा. पण ही निवड झाली का? मार्कर बाहेरचा, डोक्यातला माणूस बाहेर पळ म्हणतोय, साठ तास खेळाने शिकवलंय की पिवळ्या खुणेमागे जा, आणि एका जागी गुपचूप अपेक्षा की मी तीच खूण मोडेन. मला माहीतच नाही की दार आहे, तर मी ते उघडलं नाही याचा दोष माझा कसा?

तिसरी_कळ

यावर मात्र मी विरुद्ध बाजूला. हाच एक प्रसंग आहे ज्यात खेळाने मला भूमिका करू दिली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मित्र वर अडकलाय आणि मी पळतेय हे पटलं नाही म्हणून वळले, बस. डायलॉगच्या यादीत 'ताकेमुराला वाचवा' असं आलं असतं तर सगळ्यांनीच दाबलं असतं. असल्या जागा अजून वीस असत्या तर मी निऑनवालांचा लेख फ्रेम करून लावला असता. वीस नाहीत, म्हणून लावत नाहीये.

निऑनवाला

एवढं कौतुक पुरे, माझे डोळे पाणावले.

सावळागोंधळ

तळटीप, तुम्हाला कोणी उत्तरच दिलं नाही. २.० पासून एसएसडी लागतेच, हार्ड डिस्कचा सपोर्ट काढलाय.

तळटीप

म्हणजे माझ्यासारख्यांचंही पुनरागमन राहिलंच.

खडूस_खेळिया

या, बसा. निऑनवाला, यांना काय सांगू?

निऑनवाला

सांगा एसएसडी घ्या, आणि ताकेमुरासाठी मागे वळा. तुमचं काय चाललंय, जुनी सेव्ह उघडलीत का?

खडूस_खेळिया

डाउनलोडला लावलाय. मत बदललेलं नाही.